ऑफ-रोड गाडीचं सस्पेन्शन बदलताय? आधी वजनकाट्यावर जा

महिंद्राची थार आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होते, त्यामुळे सातपूर-अंबडच्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी एक तरी दिसते. त्यातल्या बऱ्याच उंच केलेल्या असतात. मीही तशीच केली होती. गाडी घेऊन सहा महिने झाले आणि मी सस्पेन्शन (चाकं आणि बॉडीमधल्या स्प्रिंग-शॉकअपची जोडणी) दोन इंचांनी उंच करणारं लिफ्ट किट बसवून घेतलं. पुढच्याच आठवड्यात घरच्यांना घेऊन सुरगाण्याच्या पुढे उंबरठाणकडे गेलो. खड्ड्याखड्ड्याला गाडी उसळत होती, मागे बसलेली मुलगी उलट्यांनी बेजार झाली आणि परतीच्या वाटेवर आईची पाठ धरली. चार महिन्यांनी मागच्या आर्मचे, म्हणजे चाकांना चेसीशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश फाटलेले निघाले.

किट खराब नव्हतं. माझ्या गाडीसाठी ते चुकीचं होतं आणि बसवलंही चुकीच्या पद्धतीनं गेलं होतं. दोन्ही गोष्टी मला आधी माहीत असत्या, तर पैसे वाचले असते आणि आईचा त्रासही. तुम्ही पहिल्यांदाच हे करत असाल तर खालच्या क्रमानं चला.

१. तुमचा प्रवास कागदावर लिहा

गेल्या वर्षभरात गाडी नेमकी कुठे गेली, ते प्रामाणिकपणे लिहून काढा. माझी यादी अशी निघाली: रोजचं ऑफिस, महिन्यातून एकदा त्र्यंबक किंवा भावली धरण, पावसाळ्यात दोनदा हर्सूल-पेठ, आणि वर्षातून एक लांबची फेरी. म्हणजे शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावर, उरलेले बहुतेक खडी उखडलेल्या रस्त्यावर, आणि चिखल-दगड अगदी थोडे. अशा गाडीला दगडांवर चढणाऱ्या स्पर्धेच्या गाडीचं सस्पेन्शन लागत नाही. तिला हवं असतं ते सामान भरून, माणसं बसवून, खराब रस्त्यावर दिवसभर न थकता चालणारं सस्पेन्शन.

२. गाडीचं वजन करा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. बहुतेक लोक ती गाळतात, मीही गाळली होती.

स्प्रिंग उंचीसाठी नसते, वजनासाठी असते. ठरावीक वजन ठरावीक उंचीवर तोलून धरणं हे तिचं काम. मी घेतलेल्या स्प्रिंग लोखंडी बंपर, विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढणारं यंत्र) आणि मागे कायमचं सामान असलेल्या गाडीसाठी होत्या. माझी गाडी रिकामी. त्यामुळे स्प्रिंग दबतच नव्हती आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट सीटपर्यंत येत होता.

अंबड, सातपूर, पिंपळगाव, लासलगाव, कुठेही मोठा वजनकाटा सापडेल. जिथे कांद्याचे नि द्राक्षांचे ट्रॅक्टर तोलतात तिथेच आपली गाडीही तोलता येते. गर्दीची वेळ टाळा आणि काट्यावरच्या माणसाला आधी नीट समजावून सांगा, कारण तुम्हाला तीन वजनं हवी आहेत:

- फक्त पुढची चाकं काट्यावर
- पूर्ण गाडी काट्यावर
- फक्त मागची चाकं काट्यावर

पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास आलं, की मोजणी बरोबर झाली. हे दोन वेळा करा. एकदा टाकी भरून पण गाडी रिकामी ठेवून. दुसऱ्यांदा सहलीला निघताना जशी भरता तशी: माणसं, पाणी, तंबू, स्टोव्ह, सगळं घेऊन.

आता वजनाचे दोन भाग पाडा. कायमचं वजन म्हणजे जे रोज गाडीवर असतं: बंपर, टपावरचा कॅरिअर, मागचा ड्रॉवर. सहलीचं वजन म्हणजे जे दोन दिवसांपुरतं चढतं. स्प्रिंग कायमच्या वजनावर निवडायची. सहलीच्या वजनावर निवडली तर उरलेले साडेतीनशे दिवस तुम्ही दगडावर बसून फिरणार.

वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, चार मोठी माणसं म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलो. टपावरचा तंबू पन्नास-साठ किलोंचा असतो, आणि तो सगळ्यात उंच जागी बसत असल्यानं वळणावर गाडी त्याच्या वजनापेक्षा जास्त झुलते. कंपनीनं टपासाठी दिलेली मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. अजून एक गैरसमज: जाड स्प्रिंग टाकली म्हणून गाडीची भार वाहण्याची मर्यादा वाढत नाही. ब्रेक, एक्सल, चेसी, सगळं तेच असतं.

३. टायर आणि हवा

सस्पेन्शनच्या आधी पैसे इथे घाला. कारण साधं आहे. लिफ्ट केल्यावर बॉडी वर जाते, पण मागचं एक्सल जागेवरच राहतं. थार, स्कॉर्पिओ-एन, बोलेरो या गाड्यांना मागे सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे आणि जिम्नीला तर पुढे-मागे दोन्हीकडे. मधल्या दगडाला आधी घासतो तो एक्सलचा मधला फुगीर गोळा. तो वर उचलायचा तर टायरच मोठा लागतो. तिथेही फायदा निम्माच: टायरचा व्यास ३० मिलिमीटरनं वाढला तर एक्सलखाली १५ मिलिमीटर मिळतात.

म्हणून नवख्यानं मापाच्या मागे लागू नये, नक्षीकडे बघावं. कंपनीच्याच मापात चांगला ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हींना चालणारा) टायर घ्या. दुसऱ्या पिढीची थार २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८ अशा दोन मापांत आली. जिम्नीचं माप १९५/८० आर१५. यापेक्षा बरेच मोठे टायर घातले की गिअर लांबल्यासारखे होतात, चढावर क्लच जास्त झिजतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो.

मड-टेरेन (चिखलासाठीचे) टायर दिसायला दांडगे, पण आपल्या घाटातल्या ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि आवाज फार. पेठ-सुरगाण्याची तांबडी माती ऑल-टेरेनवर निभते. निफाड-सिन्नरकडची काळी माती भिजली की नक्षीत भरून राहते आणि मड टायरही गुळगुळीत होऊन जातो. तिथे पावसात शेतरस्त्यानं जाऊच नका.

हवेचे आकडे मी असे ठेवतो. डांबरावर दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. खडीवर २५ पीएसआयच्या आसपास. चिखलात आणि वाळूत १८ ते २०. पंधराच्या खाली गेलात तर टायर रिमवरून सुटण्याची भीती. हवा कमी असताना वेग कमी ठेवा आणि डांबर लागण्याआधी पुन्हा भरा. बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर आणि खात्रीचा गेज एवढ्यावरच गाडीचा आराम इतका बदलतो की काही जणांना पुढचा खर्च करावासाच वाटत नाही.

४. आपल्या गाडीच्या खाली वाकून बघा

किट विकणारा "सगळ्यांना बसतं" म्हणेल. गाड्यांची रचना वेगवेगळी असते आणि लिफ्टचे परिणामही.

दुसऱ्या पिढीच्या थारला पुढे स्वतंत्र डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग आहे. पुढून उंची वाढली की एक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो, त्यामुळे बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) लवकर फाटतो आणि जॉइंट झिजतो. चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधीच्या पिढीतल्या सीआरडीई (डिझेल) थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई, होता. तिथे मेकॅनिक बोल्ट पिळून फुकटात उंची देतो. त्यानं बार कडक होत नाही, फक्त गाडी वर राहते आणि चाकाला खाली लटकायला जागा उरत नाही. खड्ड्यात चाक खाली गेलं की ठक्क आवाज येतो.

जिम्नीसारख्या सलग एक्सलच्या गाडीत पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवं सरकू न देणारा दांडा) असतो. उंची वाढली की एक्सल एका बाजूला सरकतं आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग स्टिअरिंग हलकं पडतं आणि ठरावीक वेगाला थरथरतं. कॅस्टर सुधारण्याचे भाग किटमध्ये आहेत का, हे आधीच विचारा.

जिप्सीला चारही बाजूंना आणि बोलेरोला मागे पाटे (एकावर एक पट्ट्यांची स्प्रिंग). पाट्यांच्या गाडीत नुसता एक पाटा वाढवण्याची जुनी पद्धत आहे. मालवाहू गाडीला ती चालते, पण घरच्या गाडीला पूर्ण नवा संच घेतलेला बरा.

स्पेसर, म्हणजे स्प्रिंगवर बसवायची रबराची किंवा धातूची चकती, हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यानं स्प्रिंग बदलत नाही, वजन पेलण्याची ताकद बदलत नाही, आणि जुना शॉकअप आपल्या टोकाला लवकर पोचतो. फक्त दिसण्यासाठी असेल तर तुमची मर्जी. प्रवासासाठी मी तो सुचवणार नाही.

५. स्प्रिंग आणि शॉकअप निवडा

ऑस्ट्रेलियातल्या ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग किंवा थायलंडच्या प्रोफेंडर अशा कंपन्यांची नावं तुमच्या कानावर येतील. दुकानदाराला कंपनीआधी हे विचारा: "ही स्प्रिंग किती कायमच्या जादा वजनासाठी आहे?" चांगल्या किटच्या तक्त्यात ते किलोत लिहिलेलं असतं. पुढची आणि मागची स्प्रिंग वेगवेगळ्या भाराची घेता येते. माझ्या गाडीला आता पुढे जवळपास मूळ भाराची आणि मागे मध्यम भाराची आहे, कारण ड्रॉवर मागे आहे आणि पुढे मी काहीच लावलेलं नाही. पहिल्या किटपेक्षा गाडी आज थोडी बुटकी दिसते, आणि आई पुन्हा पेठपर्यंत सोबत येते.

शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी जिरवणं. ती ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावर तासभर चाललात की आतलं तेल तापतं, त्याला फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजन भरलेले शॉकअप हा फेस रोखतात. जाड नळीत तेल जास्त मावतं, म्हणून ते उशिरा तापतात. वेगळी टाकी असलेले शॉकअप आणखी थंड राहतात, पण महाग असतात. आपल्याकडच्या दोन-तीन दिवसांच्या फेरीला जाड नळीचे गॅस शॉकअप पुरतात.

स्प्रिंग आणि शॉकअप एकाच कंपनीच्या, जुळणाऱ्या संचातले घ्या. कडक स्प्रिंगला जुना शॉकअप ठेवला तर गाडी डोलत राहते.

६. कागदपत्रं आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड काढायला लावण्याचे निर्देश केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिले आहेत. पादचाऱ्याला त्यांनी जास्त इजा होते आणि एअरबॅगच्या सेन्सरवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून.

माझा सल्ला असा: किटचे पैसे देण्याआधी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा आणि उत्तर फाइलला लावा. विमा कंपनीलाही ईमेलनं कळवा. तोंडी "चालतं हो" कुणाचंही धरू नका, अपघातानंतर ते शब्द कुणाला आठवत नाहीत. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरकडून कोणत्या भागांची वॉरंटी जाईल ते लिहून घ्या.

फाइलमध्ये ठेवा:

- आरसी, विमा, पीयूसी यांच्या प्रती
- किटचं जीएसटी बिल, भागांचे क्रमांक, भाराचा तक्ता
- वजनकाट्याच्या पावत्या
- आरटीओ आणि विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार
- आधीचे आणि नंतरचे अलाइनमेंटचे कागद
- काढलेले मूळ भाग कुठे ठेवलेत त्याची नोंद (ते विकू नका, लागतात)

७. बसवण्याचा दिवस

गॅरेजमध्ये सोडून निघून जाऊ नका. दिवस मोकळा ठेवा. चांगला मेकॅनिक तुमच्या थांबण्यानं नाराज होत नाही.

काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. गाडी सपाट जागेवर, टाकी भरलेली. चार आकडे वहीत लिहा. काम झाल्यावर हेच पुन्हा मोजायचं आहे.

- गाडी नुसत्या जॅकवर नको, चेसीखाली घोडी (आधाराचा स्टँड) हवीच. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.
- डाव्या-उजव्या स्प्रिंगवर खूण असेल तर ती बघूनच लावू द्या. ड्रायव्हरच्या बाजूची वेगळी असू शकते.
- चाक पूर्ण लटकल्यावर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते का, हातानं बघा. ताण असेल तर काम तिथेच थांबवा.

आता माझे बुश का फाटले ते. आर्मच्या टोकाला रबराचा बुश असतो. बोल्ट घट्ट केला की बुशची आतली नळी जागेवर पकडली जाते आणि आर्म हलताना मधलं रबर पिळलं जातं. त्या गॅरेजमध्ये गाडी वर टांगलेली असताना, चाकं लटकत असताना, सगळे बोल्ट आवळले. मग गाडी खाली ठेवली आणि रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहिलं. चार महिन्यांत ते फाटणारच होतं.

योग्य पद्धत अशी: बोल्ट आधी हातानं बसवायचे, गाडी चाकांवर ठेवायची, पुढे-मागे ढकलून, दाबून तिला बसू द्यायचं, आणि मग पूर्ण वजन चाकांवर असताना टॉर्क पान्यानं (ठरलेल्या ताकदीनं आवळणाऱ्या पान्यानं) आवळायचे. मेकॅनिकला हे सुरुवातीलाच सांगा. टॉर्क पाना नसेल त्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर मार्करनं रेघ ओढून घ्या, नंतर सरकला तर लगेच दिसतो.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट. हेडलाइटचा झोतही खाली करून घ्या. गाडी वर गेली म्हणजे झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि हे जवळपास सगळेच विसरतात.

८. पहिले हजार किलोमीटर

पहिल्या दिवशी दिंडोरी रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर, रिकामी गाडी. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का, ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबते का, एवढंच बघायचं. दुसऱ्या दिवशी पेठ रस्त्यानं सावळ घाट. वळणावर गाडी किती झुलते, उतारावर नाक किती खाली जातं, याचा अंदाज येतो. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो, तेव्हा जुन्या वेगानं वळणं घेऊ नका.

पाचशे किलोमीटरला सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा. हजारला पुन्हा अलाइनमेंट, कारण नवी स्प्रिंग थोडी बसते.

खराब रस्त्यावरून आल्यावर चारही शॉकअपजवळ हात नेऊन बघा. चिकटवून धरू नका, भाजतं. तीन गरम आणि एक थंड असेल तर थंड असलेला काम करत नाही. शॉकअप तापणं म्हणजे तो राबतोय.

९. रुतलेली गाडी काढायचं साहित्य

विंच नंतर. पहिली दोन वर्षं दोन गाड्यांनी जा, विंचपेक्षा ते जास्त उपयोगाचं. डब्यात एवढं ठेवा:

- आठ टनांच्या आसपास ताकदीची ताणणारी दोरी किंवा स्नॅच स्ट्रॅप
- दोन सॉफ्ट शॅकल (दोरी हुकाला जोडायच्या मजबूत दोरीच्या कड्या), किंवा ४.७५ टनांचा शिक्का असलेले धनुष्याकृती शॅकल
- फावडं, ट्रॅक्शन बोर्डची (चाकाखाली घालायच्या खाचदार फळ्यांची) जोडी
- जाड हातमोजे, दोरी तुटली तर उसळू नये म्हणून तिच्यावर टाकायला जाड चादर किंवा डँपर
- कॉम्प्रेसर, गेज, पंक्चर किट, प्रथमोपचाराचा डबा

ट्रेलरच्या गोळ्याला दोरी कधीही अडकवू नका. तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो, अशानं माणसं मेलेली आहेत. कंपनीच्या हुकाला किंवा चेसीला बोल्टनं धरलेल्या, ताकद लिहिलेल्या हुकालाच अडकवा. दोन पट्टे लोखंडी शॅकलनं जोडू नका. ओढताना बघे दोरीच्या दीडपट लांबीवर उभे राहतील, मुलं गाडीच्या आत. आधी चाकापुढची माती फावड्यानं काढा, हवा कमी करा, निम्म्या वेळा गाडी दोरीशिवायच निघते.

१०. कुठे न्यायची नाही

जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी-त्र्यंबककडे भाताची खाचरं भरलेली असतात. बांधावरून एक चाक गेलं तरी बांध फुटतो आणि कुणाचं तरी रोप वाहून जातं. अंजनेरीच्या किंवा कुठल्याही पठारावरच्या गवतात गाडी घालू नका, ती चाकोरी कित्येक पावसाळे भरत नाही. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे आणि रामसर यादीतली (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागाही, तिथे पाण्याच्या काठाला गाडी नेऊच नका. भंडारदरा-रतनवाडीचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे ठरलेल्या रस्त्यावरच राहा. आडवाटेनं जायचंच असेल तर आधी गावात थांबा, सरपंचांना किंवा शेतावरच्या दादांना विचारा. ओढ्याला किती पाणी आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा नीट ठाऊक असतं. थारसाठी कंपनीनं ६५० मिलिमीटर खोली दिलेली आहे, पण ती स्थिर पाण्यातली समजा. वाहतं पाणी त्याहून कमी खोलीतही गाडी ढकलून नेतं.

टेपनं मोजलेल्या चार आकड्यांची वही गाडीतच ठेवा. दर पाच हजार किलोमीटरला, टाकी भरून, त्याच सपाट जागेवर पुन्हा मोजा. एका कोपऱ्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा दहा मिलिमीटरनं खाली आला असेल, तर पुढच्या सहलीआधी त्या बाजूची स्प्रिंग आणि बुश उघडून बघा.